चंद्रज्योत ते जळकं तेल

बांधावरची चंद्रज्योतीची शेवटची झुडपं काल तोडली. बाबांनी २००६ मध्ये लावली होती. तेव्हा जिकडं तिकडं हेच, जेट्रोफा लावा, बायोडिझेल होईल. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं शिफारस केली, २००९ च्या धोरणानं २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं. "ढोरं तोंड लावत नाही, पाणी मागत नाही," बाबा म्हणत. खरंच होतं. झाडं जगली, पण कोरड्यात बी भरलं नाही. जे पायली-दोन पायली निघालं ते घ्यायला कोणी आलं नाही.

कल्पना मात्र जुनी. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीचं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. रुडॉल्फ डिझेलनं ते शेतकऱ्यासाठीच बनवलं असं मोबाइलवर फिरत असतं. तसं नाही. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक, म्हणून फ्रेंच सरकारला त्यात रस होता. हे डिझेलनंच १९१२ मध्ये सांगितलं.

ते वाचून मीही एकदा नागपूरहून भज्यांचं तेल आणलं, कापडानं गाळलं आणि तसंच विहिरीवरच्या इंजिनात ओतलं. थंडीत तेल घट्ट, नोझल चोकअप! खर्च बाबांपासून लपवला.

तेल पातळ करायचं तर आधी त्यातलं पाणी उडवायचं, मग मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून साठेक अंशांवर ढवळायचं. ग्लिसरीन खाली बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. बेल्जियमच्या शाव्हान यांचं पाम तेलावरचं अशाच कृतीचं पेटंट १९३७ चं. पुढच्या वर्षी तिकडं त्यावर बसही धावली. (मिथेनॉल विषारी, लगेच पेटतं. घरी करू नका.)

आपल्याकडं २०१८ च्या धोरणात वापरलेलं खाद्यतेल आलं. त्याच वर्षी १ जुलैपासून नियम झाला: तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षासाठी लिटरमागं ५१ रुपये देऊ केले. याला ना जमीन लागते, ना पाऊस. अडतं ते गोळा करण्यात. रोज ५० लिटरच्या वर तेल लागणाऱ्यानं नोंद ठेवायची. आलूबोंड्याची गाडी त्यात येत नाही. जळकं तेल स्वस्तात घेऊन पुन्हा कढईत टाकणारा असतोच, अन् बाजाराच्या दिवशी तिथंच मी खातो.

दिवाळीचं उरलेलं तेल डब्यात ठेवलंय, साडेतीन लिटर. नागपुरात घरचं तेल कोण घेतं, ठाऊक असेल तर कळवा.