खोडावरचा चुना

साहेबांचा दौरा ठरला की आदल्या दिवशी रस्त्यावर दोन बादल्या निघतात. एकीत चुना, दुसरीत गेरू. कुंचा घेतलेला माणूस झाडामागून झाड उरकत जातो. खाली पांढरा पट्टा, मध्ये तांबडा, वर पुन्हा पांढरा. कशासाठी, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळतात: कीड लागत नाही, ऊन लागत नाही, रात्री गाडीवाल्याला झाड दिसतं. तिन्हींत तथ्य आहे. मात्र तिन्हींची कुळं वेगळी आहेत, आणि ज्या जुन्या वडाला कुंचा लागतोय त्याला यातल्या पहिल्या दोन गोष्टींची फारशी गरज नसते.

झाडाला लेप देणं हे चुन्याहून जुनं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्यात रोगट भाग आधी शस्त्राने साफ करून वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यायला आणि दूधपाणी शिंपायला सांगितलं आहे. त्याच्याही सातशे वर्षं आधी रोममध्ये केटो या लेखकाने द्राक्षवेलीवरच्या अळ्यांसाठी ऑलिव्ह तेलाचा गाळ, डांबर आणि गंधक शिजवून खोडाला फासायची कृती लिहून ठेवली. दोन्हीकडे लेप हे औषध आहे. ते आजारी झाडाला द्यायचं. ओळीने सगळ्यांना फासायचं नव्हे.

चुना या औषधात शिरला त्याची एक गमतीदार नोंद इंग्लंडमध्ये सापडते. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या बागांचा प्रमुख विल्यम फॉर्सिथ याने झाडांच्या जखमांवर एक मलम काढलं. ताजं शेण, जुन्या इमारतींच्या छताचा पडलेला चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू. अंगण सारवणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही आजीने यातला निम्मा मसाला फुकट सांगितला असता. पण इंग्लंडला तेव्हा आरमारासाठी ओकचं लाकूड हवं होतं. पोकळ झालेले ओक या मलमाने पुन्हा भरून येतात, असा फॉर्सिथचा दावा होता. सरकारने त्याला बक्षीस देऊन कृती जाहीर करून घेतली आणि 1791 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. पुढे थॉमस अँड्र्यू नाइट या बागायती शास्त्रज्ञाने त्याला जाहीर आव्हान दिलं. नाइटचं म्हणणं साधं होतं: मेलेलं लाकूड जिवंत होत नाही. आज वनस्पतिशास्त्र नाइटच्या बाजूने आहे. झाड जखमेभोवती नवी साल वाढवून ती झाकतं, आतलं कुजलेलं परत घडवत नाही.

ऊन अडवायचं काम चुन्याला खरं शोभतं. थंड मुलखात हिवाळ्याच्या दुपारी तिरपं ऊन नैऋत्येकडून थेट खोडावर पडतं, साल तापते, आतल्या पेशी जाग्या होतात आणि रात्री पारा शून्याखाली गेला की त्याच पेशी गोठून मरतात. वसंतात साल उभी तडकते. पांढऱ्या खोडावरचं बरंचसं ऊन परत फिरतं, म्हणून साल दिवसा फार तापत नाही. पातळ सालीच्या तरुण फळझाडांना याचा उपयोग होतो. जाड, भेगाळ सालीच्या म्हाताऱ्या झाडाने ही सोय स्वतःच करून ठेवलेली असते.

रस्त्यावरच्या पट्ट्याचं कुळ मात्र बागेतलं नाही. सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट लागू झाला, रस्त्यावरचे दिवे विझले, मोटारींचे दिवे झाकले गेले आणि अपघात एकदम वाढले. मग फुटपाथच्या कडा, दिव्यांचे खांब आणि झाडं यांवर पांढरे पट्टे ओढण्यात आले. एसेक्समधल्या एका शेतकऱ्याने तर आपल्या गायींवरही पट्टे मारले. लष्कराला चुन्याचं वेड त्याआधीपासूनच. हलत असेल त्याला सलाम ठोका, हलत नसेल त्याला पांढरं करा, असा विनोद इंग्रजी फौजांत चालत आलेला आहे. आपल्याकडे खडकी, देवळाली, कामठी या छावण्यांतली झाडं गेरू-चुन्यात उभी असतात ती याच शिस्तीत. तिथे झाडाचं आरोग्य हा विषय नसतो, ओळ सरळ दिसते की नाही हा असतो. साहेबांच्या दौऱ्याचा कुंचा याच घराण्यातला, असं माझं मत.

आता कीड. कळीचा चुना पाण्यात विरला की तो कडक अल्कली होतो. अंगावर उडाला तर कातडी जाळतो. सालीच्या भेगांत तो जाऊन बसला की तिथली अंडी आणि बुरशी मरू शकतात. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा काही दिवसांत पुन्हा चुनखडीसारखा निरुपद्रवी थर होतो, आणि मुंगळे त्याच्यावरून खुशाल चढतात. खोडाच्या आत शिरलेल्या भुंगेऱ्याच्या अळीला तर बाहेर कोणता रंग लागला याचा पत्ताही नसतो.

चुन्याला खरी ताकद मिळाली ती मोरचुदाच्या संगतीने, आणि तीही चोरांच्या कृपेने. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेडॉक भागात बागायतदार रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चुना आणि मोरचूद शिंपडत. निळसर, विषारी दिसणारे घड पाहून वाटसरूने हात लावू नये, एवढाच हेतू. 1882 मध्ये केवडा रोगाने बागाच्या बागा झडल्या असताना या कडेच्या ओळींवर पानं टिकलेली पिएर मिलार्दे या प्राध्यापकाने पाहिली. प्रयोग करून 1885 मध्ये त्याने मिश्रण जाहीर केलं. तेच बोर्डो मिश्रण.

वरूड, मोर्शी, काटोलच्या संत्राबागांत बुंध्यावर जो फिक्या निळ्या रंगाचा थर दिसतो तो याच घरातला. बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या रोगाने बुंध्याची साल कुजते आणि डिंक गळतो, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत ही पेस्ट लावतात. मोरचूद आणि चुना वेगवेगळे विरवायचे, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, लोखंडी घमेल्यात कधीच नाही. मिश्रण जमलं की नाही हे पाहायला विळ्याचं घासलेलं पातं त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं उरलेलं आहे, चुना वाढवायचा.

म्हणजे औषध बागेत राहिलं आणि त्याचा पांढरा पोशाख रस्त्यावर आला. एवढंच असतं तर तक्रार नव्हती, चुना पावसाने धुऊन जातो. पण हल्ली टिकाऊ म्हणून ऑइलपेंट फासला जातो. साल श्वास घेते ती तिच्यावरच्या बारीक छिद्रांतून. कोवळ्या सालीवर तेलाचा थर बसला की ती छिद्रं बुजतात. रात्री झाड दिसायलाच हवं असेल तर वळणावर त्याच्यापुढे परावर्तक फलक रोवावा.

कोकणातल्या आगरात आणि गोव्याच्या कुळागरात उन्हाला चुन्याऐवजी वेगळं उत्तर आहे. पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, कोवळं खोड नैऋत्येच्या उन्हाने भाजतं, तिथे चीर पडते आणि पुढे वाऱ्यात झाड त्याच जागी मोडतं. म्हणून लागवडीच्या ओळीच दक्षिणेपासून पश्चिमेकडे सुमारे 35 अंश कलत्या धरायची शिफारस आहे, म्हणजे झाडं एकमेकांच्या सावलीत येतात. कडेच्या ओळीला सावली द्यायला कोणी उरत नाही. तिथे खोडाला पोफळीचीच गळलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, गुंडाळून बांधतात.