तंबू, आखाडा आणि डोंबाऱ्याची दोरी

जर्मन साहित्यात सर्कशीचा कलावंत वारंवार भेटतो. गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'मधली (१७९५-९६) मिन्योन ही दोरीवर नाचणाऱ्या ताफ्यातली पोर. मालक तिला मारहाण करतो, तेव्हा नायक पैसे मोजून तिला सोडवतो. काफ्काचा उपोषण-कलावंत (१९२२) शेवटी सर्कशीत जनावरांच्या पिंजऱ्यांजवळ विसरला जातो. टाळ्या मिळतात, मान मिळत नाही, हे कलावंताचे भागधेय या लेखकांनी तंबूत पाहिले.

मराठीत काय दिसते? भारतीय सर्कशीचा आरंभ मराठी माणसाने केला. विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत किआरिनी या इटालियनाची सर्कस पाहिली आणि १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पुण्याचे दामू धोत्रे अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोचले. तरीही सर्कशीतला माणूस आमच्या कथा-कादंबरीच्या केंद्रस्थानी क्वचितच आला. आला तो आठवणींतून. धोत्र्यांचे 'वाघ सिंह माझे सखे सोबती' हे त्याचे ठळक उदाहरण.

याचे एक कारण मला वऱ्हाडात सापडते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले. त्याच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. तिथे शरीराची लवचीकता राष्ट्राची शान ठरली. पण तीच लवचीकता अमरावती-अकोल्याच्या आठवडी बाजारात, दोन बांबूंमध्ये ताणलेल्या दोरीवर, ढोलकीच्या तालावर डोंबाऱ्याची मुलगी दाखवी, तेव्हा ती पोटापाण्याची कसरत ठरे. एकाला पदक, दुसरीला भुईवर अंथरलेल्या फडक्यावरचे चार पैसे. फरक अंगातल्या कसबात नव्हता, जातीत होता.

म्हणूनच जर्मन लेखकाला जे रूपक वाटले, ते आपल्याकडे रूपक होऊ शकले नाही. रूपकासाठी अंतर लागते. दोरीवरची मुलगी बाजारात रोज समोर होती आणि लिहिणारा वर्ग तिच्याकडे पाहून पुढे जात होता. कसरतीकडून तमाशाकडे वळलेल्या कोल्हाटी समाजाची गोष्ट किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये (१९९४) सांगितली, ती त्याच घरातून. मिन्योनला लेखकाने वाणी दिली. इथे शांताबाईच्या मुलाने लेखणी स्वतःच हाती घेतली.

वऱ्हाडातल्या दोरीवरच्या मुलीचे पुस्तक मात्र अजून माझ्या वाचनात आलेले नाही.