स्टॉक फोटोचा परवाना व सामायिक क्लाउड साठवण (भोर-वेल्हे)

तयार छायाचित्र वापरण्याचा परवाना आणि गटातल्या सर्वांनी वापरायचा क्लाउडमधला फोल्डर यांची सांगड घालण्याची पद्धत. चित्र जिथे जाईल तिथे त्याचा परवानाही जावा, हे तिचे प्रयोजन.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत ही गरज रोजची आहे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर, मढे घाट यांची छायाचित्रे होमस्टेवाल्यांना, ट्रेकिंग गटांना आणि ग्रामपंचायतींना फलक, पत्रके व समाजमाध्यमांसाठी लागतात. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

‘किल्ला शिवकाळातला, मग त्याचा फोटो सगळ्यांचाच’ हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. बुरूज-दरवाजांचा फोटो काढायला स्वामित्वहक्काची आडकाठी नाही. परंतु काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी लागत नाही. २०१२च्या दुरुस्तीपासून हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेला, किंवा मोबदला देऊन कोणी काढून घेतलेला फोटो मात्र, वेगळा करार नसल्यास, काम देणाऱ्याचा ठरतो.

शटरस्टॉक (२००३) व अडोबी स्टॉक (२०१५) यांसारख्या संकेतस्थळांवर फोटोची प्रत मिळते, मालकी नाही. दोहोंच्या साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा पाच लाख आहे. फोटो छापलेले टी-शर्ट किंवा कप विकायचे तर विस्तारित परवाना घ्यावा लागतो. अडोबीने ही खरेदी सामायिक लायब्ररीशी जोडली. पाणचिन्ह असलेला नमुना आधी मांडणीत बसवायचा. परवाना घेतला की त्याच जागी मूळ चित्र येते आणि केलेले फेरफार शाबूत राहतात. एकाच्या नावावरचे खाते गटभर वापरणे बहुधा परवान्यात बसत नाही; गटासाठी वेगळी योजना असते.

स्थानिक फोटोंची वाट निराळी. राजगडाच्या सुवेळा माचीवरील नेढ्याचा (खडकातल्या आरपार भोकाचा) फोटो घ्या. फाइलच्या आतल्या आयपीटीसी (फोटोबद्दलची माहिती नोंदवण्याच्या मानक) रकान्यांत छायाचित्रकाराचे नाव, हक्काची सूचना व श्रेय भरता येते. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून धाडला की आकार घटतो आणि या नोंदी गळून पडतात. दोन-तीन गटांतून फिरून फलकावर चढेपर्यंत तो कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. कष्टाने गड चढून प्रकाशाची वाट पाहणाऱ्याचे नाव असे पुसले जाणे हा अन्याय आहे, आणि टाळता येण्याजोगा. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास किंवा गूगल ड्राइव्हवर मूळ फाइल चढवल्यास नोंदी टिकतात.

फोल्डरची लिंक म्हणजे परवाना नव्हे. गूगल ड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात फाइलचा ताबा चढवणाऱ्याकडे राहतो, संस्थेच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये संस्थेकडे. स्वामित्वहक्क दोन्हीकडे जागचा हलत नाही. म्हणून फोटोशेजारीच परवान्याची पावती किंवा छायाचित्रकाराची लेखी संमती ठेवावी आणि वापर कशासाठी, किती काळ, हे तीत लिहावे. हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

जाहिरातीसाठी आणखी एक कागद लागतो. भाताची लावणी करणाऱ्या बाईचा चेहरा ओळखू येत असेल तर स्टॉक संकेतस्थळे तिची लेखी संमती मागतात. चित्रीकरणांमुळे परिचित असलेल्या भोरच्या राजवाड्यासारख्या खासगी वास्तूसाठी मालकाची. ती नसलेला फोटो बातमी वा माहितीपर लेखनापुरताच घेतला जातो.

मोफत पर्यायांत विकिमीडिया कॉमन्स (२००४) महत्त्वाचे. तेथे राजगड व तोरण्याची चित्रे आहेत. त्यांतील बहुतेक क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने छापतानाही छायाचित्रकाराचे नाव व परवान्याचा उल्लेख बंधनकारक असतो.