लांब उभा राहिलेला माणूस

देवगाव रंगारीला ताईच्या घरी गेलो की रविवारी सकाळी पोरांना बायबलमधली एक गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे असतं. मागच्या वेळी मी लूकच्या शुभवर्तमानातली परुशी आणि जकातदाराची गोष्ट निवडली. लहान गोष्ट, पात्रं दोनच, तात्पर्य सोपं. दहा मिनिटांत आटपेल असं वाटलं होतं.

गोष्ट अशी. दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात. परुशी म्हणजे धर्म काटेकोर पाळणारा. तो देवाला सांगतो की, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, कमाईचा दहावा हिस्सा देतो, मी त्या जकातदारासारखा नाही. जकातदार लांब उभा राहतो. वर बघायचीही त्याची हिंमत होत नाही. छाती बडवून तो एवढीच दया मागतो. येशू सांगतो, देवाच्या हिशेबी नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

भाच्यानं लगेच विचारलं, "मामा, तो लांब का उभा राहिला? त्याला कुणी आत येऊ दिलं नाही का?"

मी म्हणालो, तसं नाही, त्याची त्यालाच लाज वाटली. रोमी सरकारसाठी कर गोळा करताना जकातदार लोकांना लुबाडायचे.

शेंगा फोडत बसलेल्या ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "माझे सासरे बी लांबच उभे राहायचे भाऊ. त्यांनी कुठं कुणाचे पैसे खाल्ले व्हते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याला परतल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना.

आमच्या भागात ख्रिस्ती धर्म कुणाच्या घरी आला ते आधी बघू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं. तिथे चर्च मिशनरी सोसायटीचं काम रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी उभं केलं. ते जन्मानं पारशी. पुढे वैजापूरकडच्या घोगरगावसारख्या गावांत फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूही आले. ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबं गावकुसाबाहेरची, मांग आणि महार समाजातली. लांब उभं राहणं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. देवळापासून लांब, पाणवठ्यापासून लांब. पंढरपुरात चोखामेळ्याची समाधी आजही महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर आहे. त्या मंदिराचं दार दलितांसाठी उघडायला 1947 साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

अशा घरातल्या लेकराला आपण सांगतो, 'जकातदारासारखा नम्र हो.' त्याला काय ऐकू येत असेल? माझी चूक इथेच होती. जकातदार स्वतःच्या अपराधामुळे लांब थांबला. सासूबाईंच्या सासऱ्यांना लोकांनी लांब ठेवलं होतं. पहिल्याला आपण नम्रता म्हणतो. दुसरा अन्याय आहे, आणि त्याला नम्रतेचं नाव देणं म्हणजे त्या अन्यायात सामील होणं.

मग नम्रतेचा धडा कुणासाठी आहे? लूकनं गोष्ट सुरू होण्याआधीच सांगून ठेवलंय की, स्वतःला नीतिमान समजून इतरांना तुच्छ लेखणाऱ्यांना येशूनं ही गोष्ट सांगितली. म्हणजे पुढे उभ्या असलेल्यांना.

पुढे उभं असलेलं माणूस खाली उतरतं तेव्हा काय होतं, हे मराठीत लक्ष्मीबाई टिळकांइतकं प्रांजळपणे क्वचितच कुणी सांगितलं असेल. 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. पुढे त्यांचं त्यांनाच कळलं की हे भेद माणसांनी केलेत, देवानं नव्हे. मग त्यांनी सोवळं सोडलं आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त हे सगळं त्या स्वतःवर हसत हसत सांगतात. मोठेपणा सोडल्याचा मोठेपणाही त्या मिरवत नाहीत.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी दिल्या होत्या. दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली आणि बायका त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेलं. ते या मुलींना कळत नाही, हे त्यांनी पाहिलं. मग त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत अख्खं बायबल नव्यानं आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, आणि 1924 मध्ये ते मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून छापून बाहेर पडलं. मुलींनी विद्वानांची भाषा शिकावी, म्हणून त्या थांबल्या नाहीत. स्वतःच मुलींच्या भाषेकडे गेल्या.

देवाची दया म्हणजे काय, हे मुलांना सांगताना मला आता हे आठवतं. दया म्हणजे वरून टाकलेली भीक नव्हे. ती जवळ येते. म्हणून तर लूकमध्ये या गोष्टीला लागूनच लेकरांचा प्रसंग आहे. लोक बाळांना येशूकडे आणतात, शिष्य त्यांना हटकतात, आणि येशू लेकरांना जवळ बोलावतो. लांब ठेवण्याची सवय शिष्यांनाही होतीच की!

पुढच्या खेपेला देवगावला गेलो तेव्हा तीच गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी शेवटी 'नम्र व्हा' म्हणालो नाही. विचारलं, "तुमच्या वर्गात कुणाला लांब बसवतात का?" पोरं जरा वेळ गप्प झाली. मग भाचीनं एका मुलीचं नाव घेतलं आणि हळूच म्हणाली, "तिच्यासोबत डबा कुणीच खात नाही. मी पण नाही."

सासूबाईंनी हातातल्या शेंगा बाजूला ठेवल्या आणि तिला जवळ घेतलं.