बोटांनी शिकण्याचा इतिहास

१८०० साली फ्रान्समध्ये रानात वाढलेला, बोलता न येणारा एक मुलगा सापडला. डॉ. इतार यांनी त्याला शिकवायला घेतले. एका खोल भांड्यात दोन तऱ्हांची फळे ठेवायची आणि न पाहता, नुसत्या हाताने चाचपून हवे ते काढायचे, हा त्यांतला एक खेळ. त्यांचे शिष्य सेगाँ यांनी ही पद्धत पुढे नेली. या दोघांचे लेखन मारिया माँटेसरींनी अभ्यासले आणि १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीतील बालगृहात खरकागदाची अक्षरे मुलांच्या हाती दिली.

यामागे शास्त्र आहे. दोन टोके एकाच वेळी टेकवली, तर ती 'दोन' आहेत हे बोटाच्या टोकाला २-३ मिलिमीटर अंतरावरही कळते. पाठीवर मात्र सुमारे ४ सेंटिमीटर अंतर लागते. वेबर यांनी १८३४ मध्येच असे प्रयोग प्रसिद्ध केले होते.

माँटेसरींची साधने उत्तम, पण महाग. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरवले. बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने झाली.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातील वाड्यांवरही हे सहज जमेल. हिरडे, नाचणी, भाताचा कोंडा, ओढ्यातली वाळू घरचीच. मात्र एक पथ्य पाळावे लागते. माँटेसरींच्या साधनात एका वेळी एकच गुण बदलतो. खडे घेतले तर रंग, आकार आणि वजन तिन्ही बदलतात; मूल नेमके काय ओळखते, ते आपल्याला कळत नाही. म्हणून एकाच कापडाच्या, एकाच मापाच्या सहा पिशव्या शिवाव्यात. दोनांत नाचणी, दोनांत कोंडा, दोनांत वाळू सारखी भरावी. डोळे मिटून जोड्या लावायच्या. आत काय आहे, त्याची खूण पिशवीच्या तळाशी शिवावी. म्हणजे चूक मुलाची मुलालाच सापडते, बाईंना सांगावी लागत नाही.

साधन फुकटचे असले तरी चालते. त्यामागचा विचार मात्र फुकटात मिळत नाही. ताराबाई-अनुताईंनी साधने बदलली, विचार सोडला नाही. विकतची रंगीत खेळणी अंगणवाडीत आणतानाही हाच प्रश्न विचारावा: यात मुलाच्या बोटांना शोधायला काय उरले आहे?