ओठ आणि पाकळी : ऑर्किडच्या विचित्र फुलांचा इतिहास

ज्या भोईवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या गिरणीचे भोंगे ऐकले, तेथे ऑर्किडच्या फुलांवर बोलायला उभे राहावे हे प्रथमदर्शनी थोडे विसंगत वाटेल. पण या गोष्टीचा एक धागा आपल्या शेजारूनच जातो. शिवडीला आज जेथे ख्रिस्ती दफनभूमी आहे, तेथे एके काळी बाग होती. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० साली स्थापन झाली आणि तिने शिवडीस झाडे लावली. पुढे १८६५ च्या सुमारास ती जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली.

त्याच काळात मुंबईच्या टपाल खात्यात जॉन ग्रॅहम नावाचा एक अधिकारी होता. त्याने मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी करावयास घेतली. १८३९ साली यादी छापली जात असतानाच खंडाळ्याला त्याचे निधन झाले आणि उरलेले काम त्याचा मित्र निम्मो याने पुरे केले. पावसाळ्यात सह्याद्रीच्या गवतात उगवणाऱ्या, पांढऱ्या फुलांच्या एका ऑर्किडला ‘हाबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा’ हे लांबलचक नाव मिळाले ते याच यादीत. नाव लांब, कारण फुलामागची मधाची नळीही तशीच लांब!

आता या फुलाची ठेवण पाहू. ऑर्किडच्या फुलाला बाहेरून तीन दले असतात आणि आत तीन पाकळ्या. आतल्या तिहींपैकी दोन जुळ्या बहिणींसारख्या असतात. तिसरी मात्र घरातल्या लाडक्या लेकीसारखी नटलेली. तिला शास्त्रज्ञ ‘ओठ’ म्हणतात. कोठे तो झालरीचा, कोठे पिशवीसारखा, कोठे मागे नळी काढलेला. येणारा कीटक बहुधा याच ओठावर उतरतो. हाबेनारियाच्या कित्येक जातींत बाजूच्या पाकळ्या दुभंगलेल्या आणि ओठ तीन फाट्यांचा असतो. फाटे किती, त्यांची लांबी किती, नळी केवढी, यांवरूनच जाती ओळखल्या जातात. म्हणजे सारा हिशेब ओठावर आणि पाकळीवर चाललेला.

मग ज्या झाडाचा ओठच बिघडला, त्याला कोणत्या खान्यात घालायचे? प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. नवी जात म्हणून जाहीर करावे, तर नसलेली जात ग्रंथात शिरते. विकृत म्हणून फेकून द्यावे, तर एक साक्षीदार नाहीसा होतो.

हा पेच थोरामोठ्यांनाही पडला होता. १७४२ साली स्वीडनमधील एका विद्यार्थ्याला लिनारिया नावाचे एक रोप सापडले. ते ऑर्किड नव्हे. पण त्याच्याही फुलाला वरचा-खालचा ओठ आणि मागे एकच नळी असते. या रोपाच्या फुलांना मात्र पाच नळ्या होत्या, आणि फूल चहूबाजूंनी सारखे! वर्गीकरणाचा आचार्य लिनिअस हे पाहून चक्रावला. १७४४ साली त्याने त्याला ‘पेलोरिया’ म्हणजे राक्षसी असे नाव दिले. ईश्वराने घडविलेल्या जाती बदलत नाहीत, या समजुतीला एका फुलाने धक्का दिला होता. पुढे १८६९ साली मास्टर्स या इंग्रज शास्त्रज्ञाने वनस्पतींतील विकृतींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

ऑर्किडमध्येही असेच घडते. येथे एक भेद नीट लक्षात ठेवावा. कधी बाजूच्या दोन पाकळ्या ओठाचे रूप घेतात आणि फुलाला तीन ओठ होतात. कधी याच्या उलट, ओठच साधी पाकळी होऊन बसतो. कधी ओठाचा रंग पाकळ्यांवर सांडतो. ब्राझीलच्या ‘कॅटलिया इंटरमीडिया’ या ऑर्किडचा ‘अक्विनी’ हा प्रकार असाच. बागवानांनी त्यापासून रंगीत पाकळ्यांची अनेक संकरित फुले तयार केली.

ही विकृती काय शिकवते? डार्विनने १८६२ च्या आपल्या ऑर्किडवरील ग्रंथात मांडले, की ओठ ही एकटी पाकळी नसून तिला दोन पुंकेसर चिकटलेले आहेत. नाव मोठे, म्हणून मत दीर्घकाळ टिकले. १९४८ साली बी. जी. एल. स्वामी या आपल्या कर्नाटकातील शास्त्रज्ञाने फुलांतील वाहिन्यांचा मागोवा घेऊन या मताविरुद्ध पुरावा मांडला. हेच स्वामी पुढे कन्नडमधील रसाळ लेखक म्हणूनही गाजले! साधी पाकळी झालेला ओठ जणू त्यांच्याच बाजूने साक्ष देत होता : मी मुळात पाकळीच आहे.

पुढचा निकाल जनुकशास्त्राने दिला. १९९९ साली दिसून आले, की पाच नळ्यांच्या लिनारियात एका जनुकाची अक्षरे बदललेली नव्हती. ते जनुक फक्त मिटून गेले होते. २०१५ साली तैवानमधील संशोधकांनी ऑर्किडमध्ये ओठ घडविणारी जनुके दाबून टाकली, तेव्हा ओठ साध्या दलासारखा झाला. रानात निसर्ग अधूनमधून जे करून दाखवीत होता, ते प्रयोगशाळेत हेतुपूर्वक करता आले.

तेव्हा विचित्र फूल हाती आले तर तीन प्रश्न विचारावेत. बदल कोणत्या अवयवात आहे? तो अवयव कोणासारखा झाला आहे? आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाला पुन्हा तसेच फूल येते का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. थंडीने वा इजेने एखादे फूल एकदाच बिघडते; पण जे दरवर्षी तसेच येते, त्याच्या मुळाशी काही खोल कारण असते.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात काम करणाऱ्या फादर सांतापाव यांनी कापडियांच्या साहाय्याने ‘ऑर्किड्स ऑफ बाँबे’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६६ साली निघाला. पाचगणीचे नाव धारण करणारी हाबेनारियाची एक जातही याच दोघांनी १९५७ साली नोंदविली. असे काम उभे राहते ते वाळवून जपलेल्या नमुन्यांवर. त्यांत नीटनेटकी फुले तेवढी ठेवली, तर आपल्याला नियम कळेल, पण नियम कसा घडला ते कळणार नाही.

म्हणून पावसाळ्यात घाटावर जाल आणि तीन ओठांचे फूल दृष्टीस पडेल, तर ते उपटू नका. जागा नि दिवस टिपून ठेवा, चित्र काढा, आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे पुन्हा जा. पंक्तीत न बसणाऱ्याला उठवून लावणे सोपे असते. पंक्ती कोणी आणि कशी मांडली, हे पुष्कळदा तोच सांगतो.