भट्ट, मोतीराम (१८६६–१८९६)
नेपाळी कवी, चरित्रकार, संपादक आणि प्रकाशक. जन्म काठमांडूचा, पण बालपण आणि शिक्षण बहुतांशी काशीत. नेपाळी वाङ्मयेतिहासात ‘युवाकवी’ म्हणून त्यांचा उल्लेख होतो. शृंगारिक कविता त्यांनी लिहिली, नेपाळी गझल रुजवली, समस्यापूर्तीसाठी कविमंडळ जमवले. तरीही त्यांचे मोठेपण कवितेपेक्षा संपादन-प्रकाशनात अधिक आहे. भानुभक्त आचार्यांचे (१८१४–१८६८) रामायण ते गेल्यानंतरही हस्तलिखितांतच पडून होते. मोतीरामांनी १८८४ मध्ये त्यातले बालकांड आणि १८८७ मध्ये संपूर्ण ग्रंथ काशीत छापवून घेतला. नेपाळवर सत्ता गाजवणाऱ्या राणांच्या धाकात असलेल्या काठमांडूपेक्षा काशीत छापखाने आणि वाचक दोन्ही हाताशी होते. रामकृष्ण वर्मांच्या भारत जीवन छापखान्याच्या आधारानेच ‘गोर्खा भारत जीवन’ (१८८६) हे नेपाळीतले पहिले मानले जाणारे मासिक त्यांनी काढले.

हे रामायण लोकांच्या तोंडी होतेच, मग छापून वेगळे काय साधले, असे कोणी म्हणेल. खुद्द मोतीरामांनीही ते श्लोक आधी एका लग्नात ऐकले होते. पण गाणाऱ्यांमुळे श्लोक टिकले, तरी कवीला वाङ्मयात स्थान मिळाले ते छापील ग्रंथामुळे आणि १८९१ च्या चरित्रामुळे. या चरित्रात त्यांनी भानुभक्तांना ‘आदिकवी’ ठरवले. भानुभक्तांच्या आधीही नेपाळीत कविता होती, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र मोतीरामांना तो ठाऊक होता. आधी लिहिणारा तो आदिकवी नव्हे, कवितेचे मर्म जाणून प्रथम लिहिणारा तो, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे हा कालनिर्णय नसून समीक्षकाचा निवाडा आहे, आणि नेपाळी समीक्षेची सुरुवात इथेच धरावी. चरित्रातल्या, भानुभक्तांना प्रेरणा देणाऱ्या घाँसीच्या (गवत कापणाऱ्याच्या) प्रसिद्ध कथेच्या खरेपणाबद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. चरित्रकार इथे भक्त झाला आहे, हे मान्य करावे लागते.

मासिकाची बाजू अधिक लंगडी आहे. त्याचे अंक आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे अग्रक्रमापलीकडे त्याच्या गुणांविषयी बोलण्यात अर्थ नाही. मोतीराम तिसाव्या वर्षीच वारले. पुढे १९०१ मध्ये काठमांडूत ‘गोरखापत्र’ निघाले, पण ते राणा पंतप्रधान देवशमशेर यांच्या आश्रयाने. त्याचे श्रेय मोतीरामांना देणे ही ओढाताण ठरेल.